सुंदराने हाताने लिहिलेली खाचरं

पोशीर गावच्या ग्रामसभेत सुंदराचं डोकं तापत चाललं होतं. 

पंचायतीत कॉम्प्युटरवर दाखले टाइप करणारी ही बाई. गावाची वेबसाइट करायची ठरली, तेव्हा तयार साचा नको म्हणून तिने स्वतःच लिहायला घेतली. इथे भाताच्या प्रत्येक खाचराला नाव आहे आणि ते का पडलं हे म्हाताऱ्यांनाच ठाऊक. सुंदरा तीन वर्षं त्यांच्या ओट्यांवर जाऊन बसली. एकेका खाचराचं एकेक पान, कोडाची ओळ न् ओळ हाताने लिहून तिने उभं केलं. बांध जिथे वळतो तिथे पानाची कडही वळवलेली. पहिल्या खेपेला जमलं नाही की सगळं पुसून पुन्हा लिहायची. एवढं कोण बघतंय, असं कोणी म्हटलं तर तिचं उत्तर ठरलेलं, "मी बघते ना."

आणि आता सरपंचांचा पुतण्या धनेश पडद्यावर नवी वेबसाइट दाखवत होता. एका दुपारीत झाली म्हणे! खाचरांच्या नावांची यादी एआयच्या मशिनला दिली, बाकीचं मशिनने रचलं. वर भातलावणीचा फोटो, त्यातल्या बायकांच्या डोक्यावर चिनी पद्धतीच्या शंकूसारख्या टोप्या. सोमवारपासून हीच चालू, सुंदराची बंद. आणि लोक टाळ्या वाजवत होते.

धनेश एका खाचराचं पान कौतुकाने वाचू लागला, "चांगोचा उपास. या पुरातन देवस्थानी भाविक उपवास करतात."

पुढे बसलेल्या बायजाने मान वर केली. चांगो तिचा बाप.

"माझा बा देव कवा झाला रं? बांध फुटला तवा दोन दिस पाण्यात उभा व्हता तो. मी भाकर नेली ती परत धाडली. बांध धरल्यावर खाईन म्हणला."

"चुकलं असंल, आजी," धनेश हसला. "एका क्लिकमधी बदलतो."

तेव्हा सुंदरा उठली. "बदलशील रं. पन तिला इचारायला कवा गेला व्हतास? गाव तुझं, मानसं तुझी, आन दोन घरं चालत जायला जमलं नाय तुला?"

"वहिनी, वाद नको," सरपंच म्हणाले. "जमाना वेगाचा हाय."

तीन वर्षांची मेहनत सोमवारी पुसली जाणार, आणि वर वाद नको! सुंदरा तरातरा पडद्याकडे निघाली.

पण तिच्याआधी बायजा बोलली. "माझ्या बाचं नाव काढ त्यातून."

धनेशने काढलं. मग धाकलू उठला, त्याच्या आजीच्या नावाचं खाचर होतं. त्याच्यामागून शुक्रा. मग रांगच लागली. नावं पुसता पुसता धनेशला घाम फुटला. शेवटी पडद्यावर टोपीवाल्या बायका आणि धनेशचा मोबाइल नंबर एवढंच राहिलं.

सरपंचांनी घसा खाकरला. "वहिनी, मग जुनीच चालू ठेवायची ना?"

"मला काय इचारता?" सुंदरा म्हणाली. "ज्यांची खाचरं त्यांना इचारा."