लॅपटॉप सुरू होईपर्यंत

एका रविवारी मी बाबांच्या लॅपटॉपची डिस्क बदलून आणली आणि आमचं फोनवरचं बोलणं थांबलं. हे माझ्या लक्षात आलं ते बाबा गेल्यानंतर.

लॅपटॉप मूळचा माझा. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. तिथे मला दुसरा मिळाला, तेव्हा हा मी मुलुंडला बाबांना नेऊन दिला. आईला जाऊन दोन वर्षं झाली होती आणि ते सोसायटीचे सेक्रेटरी झाले होते. टाकी धुणार आहेत, लिफ्ट बंद राहील, गच्चीवर पापड वाळत घालू नयेत, अशा सूचना ते टाइप करून जिन्याखालच्या फळ्यावर लावत. एका बोटाने टाइप करत, पण एक वेलांटी चुकत नसे.

ते लॅपटॉप कधी बंद करत नसत, नुसतं झाकण मिटत. तीन-चार दिवसांत तो अडखळू लागे. मग संध्याकाळी मी बोरीवलीला घरी पोचून चहाचं आधण ठेवलं की फोन यायचा.

"बाय, हा परत रुसलाय. मी 'पाणी' लिहितो, तर ते उमटेपर्यंत टाकी भरून वाहते."

मी सांगायचे, रीस्टार्ट करा. ते म्हणायचे, करतो, पण तू फोन ठेवू नको, त्याने मध्येच काही विचारलं तर मी काय सांगू? तो काहीच विचारत नसे. पडद्यावर ठिपक्यांचं कडं फिरत राही आणि सगळं परत जागेवर यायला नऊ-दहा मिनिटं जात.

आम्ही दोघंही कमी बोलणारी. आई होती तोवर माझं त्यांना आणि त्यांचं मला तीच सांगायची. ती गेल्यावर आमचा फोन म्हणजे जेवलीस का, हो, ठेवतो, एवढाच उरला होता. पण ठिपके फिरत असताना नुसतं फोन धरून गप्प बसणं त्यांना बरं वाटेना. सुरुवातीला ते ठिपक्यांचीच खबर देत. मग कधी गावच्या विहिरीचं निघे, कधी आई बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं जास्त घालायची त्याचं. पडदा उजळला की वाक्य अर्ध्यावर टाकून ते म्हणत, आला गो, ठेवतो.

एकदा त्यांनी गिरणीच्या संपातलं सांगितलं. काम बंद होतं तेव्हा ते एका छापखान्यातून छापील कागद घरी आणत. एका मोठ्या कागदावर पुस्तकाची सोळा पानं असत. त्यांच्या घड्या घालून गठ्ठे परत द्यायचे. मी तेव्हा चार वर्षांची असेन. मला पलंगाखालचे गठ्ठे आठवतात, शाईचा वास आठवतो. बाबा घड्या घालता घालता ती पानं वाचत, हे मात्र मला ठाऊक नव्हतं. पुढची सोळा पानं दुसऱ्याच कुणाच्या घरी गेलेली असत, त्यामुळे त्यांच्याजवळ कितीतरी गोष्टींचे मधलेच तुकडे होते.

त्यातला एक ते विसरले नव्हते. एक बाई घराला कुलूप लावते. किल्ली शेजारणीकडे द्यायची असते, पण ती देत नाही. होडीत जाऊन बसते. होडी सुटते तेव्हा किल्ली तिच्या मुठीतच असते. तिथे सोळावं पान संपलं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, महिनाभर डोक्यातून जाईना. शेवटी पुढचं मीच जुळवलं. तुझ्या आईला तेवढं सांगितलं होतं." ते जरासे हसले. "आला गो, सुरू झाला. उद्या पाणी नाही, सूचना लावायचीय. पुढच्या वेळी सांगतो."

पुढचा रविवार आला. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने दर वेळी दहा मिनिटं ताटकळत का बसावं, असं माझ्या मनात आलं. मी मुलुंडला गेले, लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून बाजारातल्या दुरुस्तीच्या दुकानात नेला आणि आत नवी डिस्क बसवून घेतली. फायली सगळ्या तशाच राहिल्या. घरी आणून सुरू केला तर पंधरा सेकंदांत समोर हजर. बाबा म्हणाले, "झालं पण?" मला त्यात कौतुकच ऐकू आलं. त्या दिवशी मी गोष्टीचं विचारलं नाही. समोरासमोर बसून असलं काही बोलायची आम्हांला सवय नव्हती.

त्यानंतर संध्याकाळचे फोन आले नाहीत. लॅपटॉप नीट चालतोय, याचं मला समाधान होतं.

दोन महिन्यांनी एकदाच फोन आला. मी परीक्षेच्या गर्दीतून दमून आले होते.

"जरा हळू चाललाय गो," बाबा म्हणाले.

"बाबा, नवी डिस्क आहे. तो हळू चालणं शक्यच नाही."



"मग माझाच हात हळू असेल," ते म्हणाले. जेवलीस का विचारलं आणि फोन ठेवला.

यंत्राबद्दल माझं उत्तर बरोबर होतं. मी गॅस बारीक केला असता, खुर्ची ओढून बसले असते आणि म्हटलं असतं की करा रीस्टार्ट, मी आहे फोनवर, तर चाललं असतं. तेव्हा सुचलं नाही. पुढच्या महिन्यात एका सकाळी ते उठलेच नाहीत.

दिवसकार्य उरकल्यावर मी लॅपटॉप बोरीवलीला आणला आणि एकेक फाइल उघडून पाहिली. त्यांनी गोष्ट कुठे टाइप केली असेल, अशी आशा होती. मग मामींना विचारलं, आई त्यांच्याशी सगळं बोलायची. आईने त्यांना असं कधी काही सांगितलं नव्हतं.

लॅपटॉपमध्ये सोसायटीच्या सूचना आहेत, प्रत्येकीवर तारीख आहे. गोष्ट त्यात नाही.