काळजी नसावी

रविवारी सकाळी आमच्या रायपूरच्या मराठी मंडळींच्या सभागृहात मी मराठी लिहायला शिकवते. येणारे सगळे घरी मराठी ऐकत वाढलेले. समजतं सगळं, उत्तर मात्र हिंदीत. मी मूळची नागपूरची, नवऱ्याच्या रेल्वेच्या नोकरीपायी इकडे आले आणि शाळेत आयुष्य घालवलं. त्यामुळे शिकवण्याबद्दल मला स्वतःवर भलताच विश्वास. पत्र शिकवायचं म्हणजे काय? फळ्यावर एक नमुना लिहायचा, मुलांनी तो उतरवायचा, मग नावगाव बदलून स्वतःचा करायचा. झालं!

त्या वर्गात एक मुलगी यायची. मुलगी कसली, तिशीची बाई. नव्या रायपुरात एका ऑफिसात कामाला, एकटीच राहायची. तिला फक्त पत्र शिकायचं होतं, दुसरं काही नाही. आई जाऊन दोन वर्षं झालेली, वडील वर्ध्याकडे गावी एकटे. त्यांना ऐकू येणं जवळजवळ बंद झालं होतं. फोनवर "हॅलो, हॅलो" करून ठेवून द्यायचे, आणि मोबाइलवरचं बारीक अक्षर त्यांना दिसायचं नाही. "काकू, मले बाबाले इथं आणायचं आहे," ती म्हणाली. "कागज पे लिखूँगी तो पढ़ेंगे ना."

मी नमुना दिला. तीर्थरूप बाबांस शिरसाष्टांग नमस्कार. इकडे सर्व खुशाल आहे, काळजी नसावी. आपली खुशाली कळवावी. तिनं ते जसंच्या तसं उतरवलं आणि शेवटी एक वाक्य जोडलं: आपण इकडे राहावयास यावे, ही विनंती. अक्षर इतकं सुरेख की मी तिला शाबासकी दिली, वर्गभर कागद फिरवला.

पंधरा दिवसांनी तिनं वडिलांचं पोस्टकार्ड माझ्यापुढे ठेवलं. "तुझं सगळं खुशाल आहे हे वाचून बरं वाटलं. काळजी करू नको म्हणतेस, तर करत नाही. मग मी तिथं येऊन तुले कायले अडचण?" ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "काकू, मैंने तो वही लिखा जो बोर्ड पे था."

अस्सा राग आला मला! आधी त्या म्हाताऱ्याचा, मग स्वतःचा. खुशाल कुठली? संध्याकाळी घरी आल्यावर बोलायला माणूस नाही म्हणून ती टीव्ही मोठ्यानं लावून भाजी चिरायची, हे तिनंच मला सांगितलं होतं. पत्रात ते कुठं होतं? माझ्या नमुन्यात त्याला जागाच नव्हती. आणि इतक्या वर्षांत, किती पोरांना मी हेच शिकवलं असेल, देव जाणे.

पुढच्या रविवारी मी खडूला हात लावला नाही. सगळ्यांना घरातली जुनी पत्रं आणायला सांगितलं होतं. कपाटातून, गादीखालून निघालेली आठ-दहा पत्रं सतरंजीवर पसरली. एकेक वाचायचं आणि मी एकच विचारायचं: या माणसाला काय पाहिजे होतं, अन् ते त्यानं कुठं सांगितलं? "खुशाल" सगळ्यांतच होतं, पण एका ओळीत उरकलेलं. एका मावशीनं तेवढं लिहून पुढं पानभर बहिणीला झोडपलं होतं, लोणच्याची बरणी परत दिली नाही म्हणून. पोट्टे खो-खो हसले. एका आजोबांनी पत्र संपवून, सही करून, मग कोपऱ्यात लिहिलं होतं, "तू गेल्यापासून घर खायला उठते." तेव्हा कोणी हसलं नाही. ती पोरगी ते पत्र हातातून सोडेना.

मग तिथंच बसून तिनं लिहिलं. "बाबा, मी खुशाल नाही. आई गेल्यापासून मले घरात करमत नाही. तुम्हाले ऐकू नाही आलं तरी चालते, मी बोलत राहीन. तुम्ही या." वेलांट्या चुकलेल्या, अर्धी वाक्यं बोलल्यासारखी. सवयीनं माझा लाल पेन उघडला होता. "दुरुस्त करू?" मी विचारलं. "नको, काकू," ती म्हणाली. मी पेनाला टोपण लावलं.

बाबा आले. एका रविवारी ती त्यांना वर्गात घेऊन आली. ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं, सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात ते मला म्हणाले, "बाई, ते पहिलं पत्र मी देवापाशी ठेवलं होतं. म्हटलं, पोरगी सुखात आहे, आता आपलं काम संपलं. तवापासून बीपीच्या गोळ्या खाणंच सोडून दिलं होतं."

लेकीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं. मला जे सांगायचं होतं, ती काही ओरडून सांगायची गोष्ट नव्हती. तिची वही ओढली, दोनदा लिहून खोडलं. शेवटी लिहिलं, "ते पत्र तिचं नव्हतं, मी फळ्यावर लिहिलेलं होतं. माझं चुकलं."

त्यांनी चष्मा लावून वाचलं, मान हलवली, आणि वही लेकीकडे सरकवली. "सकाळची गोळी कोणती, संध्याकाळची कोणती, ते लिहून दे," ते म्हणाले. "मी विसरलो."