दुसरा गिअर

रविवारी सकाळी बाबा अंगणात मोटारसायकल डबल स्टँडवर लावून बसले होते. "दुसरा गिअर पडतच नाही," ते म्हणाले. त्यांनी क्लचची केबल ताणली, गिअरच्या लिव्हरचा नट आवळला, ऑइलसुद्धा बदललं. तरी गाडीवर बसून चवड्याने लिव्हर उचलायला गेले की ती जागची हलत नव्हती.

"मी बघू?" म्हणत मी बसले, गाडी सुरू करून क्लच दाबला आणि सगळे गिअर अलगद पडले. बाबा खूश होतील असं मला वाटलं. ते माझ्या पायाकडे बघत राहिले, मग स्वतःच्या डाव्या पायाकडे. त्यांनी चवडा उचलून पाहिला. बोटं नुसती थरथरली.

यंत्रातला दोष पाना फिरवून दूर होईल अशी आशा असते. अंगाबद्दल तशी खात्री नसते, म्हणून आपण तिकडे सगळ्यांत शेवटी बघतो.

बाबांनी हात पुसले. "उद्या डॉक्टरांकडे नेशील?"

"रिक्षा बोलावते."

"नको, गाडीवरच जाऊ. तू चालव, मी मागे बसतो."

बाबांना कुणाच्या मागे बसलेलं मी आजवर पाहिलं नव्हतं.