उजव्या कानातला आवाज

मंडळी, आज दुपारी स्टुडिओत माझा शहाणपणा नडला. अजून कशात मन लागत न्हाय.

उचगावच्या शांतामावशी भजन रेकॉर्ड करायला आलत्या. इतकी वर्षं त्या आणि त्यांची थोरली बहीण जोडीनंच गायच्या. थोरली उन्हाळ्यात गेली.

एकटीचा आवाज लईच बारीक वाटत होता. त्यावर माझा नेहमीचा उपाय म्हणजे तेच भजन दोनदा गाऊन घ्यायचं, एक डाव्या कानात सोडायचं, दुसरं उजव्या. तसं केलं. आवाज खोलीभर पसरला. मी खूश!

मावशींनी हेडफोन लावून दोन ओळी ऐकल्या आणि उजवा कान मोकळा केला.

"हिकडं आक्का उभी ऱ्हायची. तिच्या जागेवर मलाच कशाला उभी केलीस रं?"

त्या म्हणाल्या तसं उजवीकडचं गाणं काढून टाकलं.

संध्याकाळी मावशींच्या भजन मंडळाच्या ग्रुपवर पाठवलं. लगेच तिघांचे मेसेज आले, "उजव्या बाजूला आवाजच न्हाय. दुरुस्त करून पाठीव."

काय दुरुस्त करू, तुम्हीच सांगा.