सरिता वकिलीण आणि वाघदेवाचं शेत

सरिता वकिलिणीचं कौतुक माझ्यापुढं करू नका. पंचवटीत तिची खोली हाय, तिथं जाऊन करा, नाय तर पेपरवाल्यांपुढं करा. मी भागीबाईची सून, सुवर्णा. तिचं नाव काढलं की माझं डोकं फिरतं.

पेठच्या डोंगरात आमचा वारल्यांचा पाडा. सरिता तिथलीच पोरगी. आश्रमशाळेत शिकली, सुट्टीत द्राक्षं तोडली, नाशकात वकील झाली. झाली तर झाली! पण दर रविवारी एस.टी.नं यायची आणि लोकांच्या भिंती रंगवायची. गेरूवर तांदळाचं पीठ. आमच्यात भिंतीवर चौक काढायचा तो लग्नात, तोही सवाशिणींनी. हिनं काय काढावं? अर्ज कुठं द्यायचा, ग्रामसभेत कोण बसतं, जंगलखात्याचा शिपाई आला तर त्याला काय विचारायचं. आमच्या न्हाणीच्या भिंतीवर टोपीवाला शिपाई! अंघोळीला बसायची लाज वाटायची मला. म्हातारे कुरकुरले तर ही म्हणे, "कागद वाचता येत नाय ना? मग भिंत वाचा." लय तोंडाळ.

लोक शिकले, हे कबूल करते. माझी सासू सत्तरीची, अंगठा उठवणारी. पण वनहक्काचा दावा कसा करायचा, ते भिंतीवर बोट ठेवून घडाघडा सांगायची. तिलाच तर दावा करायचा व्हता. डोंगरउतारावर आमचं दोन एकर शेत, नागली-वरई पिकते, पण कागदावर ते जंगलखात्याचं. गेल्या पावसाळ्यात त्यांनी आमची रोपं उपटून फेकली व्हती. पट्टा, म्हंजे शेत कसायचा सरकारी हक्काचा कागद, मिळाला नाय तर पुढच्या खेपेला आमालाच उपटणार.

सरितानं म्हाताऱ्यांचे जबाब लिहिले, शेताचा नकाशा केला, सगळं जमवलं. पेठला सुनावणी झाली, तिथं साहेबानं सासूला विचारलं, "आजी, ही जमीन कोणाची?"

सासू म्हणाली, "वाघदेवाची. आमी नुसती पेरतो आन् राखतो."

खोटं काय बोलली ती? आमच्यात शेताला माझं कोणी म्हणत नाय. बांधावर वाघदेवाचा दगड बसलेला, त्याच्यासमोर कोण म्हणेल? साहेब हसला. अर्जदार स्वतःच जमीन आपली नाही म्हणते, असं लिहून दावा फेटाळला.

सरिताला मी अंगणातच गाठलं. "दोन वर्षं भिंती बरबटल्यास, आन् एवढं एक शिकवायचं सुचलं नाय? तू काय विलायतेत जन्मलीस? तुझा बाप वाघदेव पुजतो ना?"

ती खाली बघून म्हणाली, "डोक्यातच आलं नाय वहिनी. कोर्टात दिवसभर जो तो माझी जमीन, माझी जमीन करत येतो." अशी चीड आली मला! आपल्या देवाला विसरली भवानी.

मग ती सासूपाशी बसली. "आजी, नाशकाला अपील करू. तिथं फक्त 'माझी' म्हणा."

"त्याच्यादेखत?"

"साहेबादेखत. नाशकाला."

"तो काय नाशकाला नसतो व्हय?"

सरिता उठून गेली. त्यावर पुन्हा एक शब्द बोलली नाय.

नाशकात सासूला पुन्हा तेच विचारलं. सासू म्हणाली, "माझी." आवाज खणखणीत. पट्टा मिळाला, तिच्या नावाचा.

तेव्हापासून म्हातारीनं शेतात पाय ठेवला नाय. वाघबारशीला अख्खा पाडा वाघदेवाला गेला, ही चुलीपाशी बसून. "कोणत्या तोंडानं जाऊ?" म्हणाली. पुढच्या रविवारी सरिता पिठाची वाटी घेऊन आली. बाकीच्यांना कळावं म्हणून तिला पट्टा भिंतीवर काढायचा व्हता. सासू दारात आडवी उभी राहिली. "माझ्या भिंतीला हात लावायचा नाय." सरिता अंगणात बसून हमसून हमसून रडली. मी तिला पाणीसुद्धा दिलं नाय.

पाण्यावर, बाजारात, जिथं तिथं मी सांगते, सरितानं म्हातारीकडून खोटं वदवलं. तिच्या तोंडावरही बोलते. एरवी साहेबाला न सोडणारी बाई, माझ्यापुढं गप्प बसते. लोकांना वाटतं, चूक केली म्हणून खाली बघते.

ती का गप्प बसते ते मला ठाऊक हाय. नाशकाला निघायच्या सकाळी ती आमाला न्यायला आली, तेव्हा दाराबाहेर थांबून तिनं सगळं ऐकलं व्हतं. सरिता सासूला एकदाच म्हणाली व्हती. मी दोन दिवस म्हातारीच्या मागं लागले व्हते. म्हणा आत्या, माझी म्हणा. ती तोंड फिरवायची, मी पुन्हा म्हणायची. मला ते शेत पाहिजे व्हतं. शेवटी त्या सकाळी मी माझी पोरं तिच्या पुढ्यात उभी केली आन् तिला त्यांची शपथ घातली.