माडीवरच्या बाईचं वाक्य

प्रकाशक फोनवर म्हणाले, "हल्लीच्या मुलांना भय पाहिजे. एखादी जुनी इंग्रजी कादंबरी घ्या आणि ती आपल्याकडे आणा. कॉलेजातली नायिका, बंगला, बंद खोली. घाबरवा त्यांना." मी बरं म्हटलं. त्या दिवसांत मी सगळ्यालाच बरं म्हणत होते. नाही म्हटलं की कारण सांगावं लागतं, आणि तेवढं त्राण नव्हतं.

घोलवडजवळच्या चिखले गावात आम्ही दोघीच राहत होतो, मी आणि माझी थोरली बहीण. ताईने आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं. आता तिला विस्मरणाने घेरलं होतं. सकाळी तिला आंघोळ घालायची, केस विंचरायचे, "आई कुठे गेली गं?" असं तिने विचारलं की "बाजारात" म्हणायचं. थोड्या वेळाने पुन्हा तेच. जेवणानंतर ती जरा निवांत असे, तेवढ्यात मी लिहायला बसायचे. माझी भयकथा त्यामुळे भर उन्हात लिहिली गेली, डोक्यावर पंखा आणि शेजारच्या अंगणात वाळणाऱ्या सुकटीचा वास.

कादंबरी निवडायला वेळ लागला नाही. ताईनेच ती मला लहानपणी सुरूच्या सावलीत बसून सांगितली होती. मोठ्या घरात शिकवायला आलेली गरीब मुलगी, अबोल मालक, माडीवर कोंडून ठेवलेली त्याची वेडी बायको, आणि शेवटी आगीत जळणारं ते घर. मी ते घर घोलवडच्या एका चिकूच्या वाडीत आणून ठेवलं. नायिका तलासरीची, मालकाच्या लेकीची शिकवणी घ्यायला आलेली. दुपारी वाडीतली माणसं झोपली की तिला माडीवर पावलं ऐकू येतात. मूळ गोष्टीत ती बाई नुसती ओरडते, हसते. माझ्या गोष्टीत नायिका दार उघडणार होती आणि बाई बोलणार होती. काय बोलणार, हे मला सुचेना. आठवडे गेले.

मधेच ताई घरातून निघून जायला लागली. पहिल्यांदा ती घोलवडच्या वाटेवर एका वाडीच्या शेडमध्ये सापडली. चिकू भरणाऱ्या बायकांत बसून ती मोठी फळं एकीकडे, बारकी एकीकडे करत होती. शेडवरचा माणूस म्हणाला, "बेन, या तर मघापासून कामाला लागल्यात. आम्ही चहापण दिला." सगळ्या हसल्या, मीही हसले. दुसऱ्यांदा मात्र ती रेल्वे फाटकाशी होती. गाडी यायची वेळ, फाटक बंद, आणि ही खालून वाकून पलीकडे निघालेली. फाटकवाल्याने दंडाला धरून मागे ओढलं. तो ओरडला, "घरात माणूस नाही का तुमच्या?" मी होते ना. मी लिहीत होते.

त्याच संध्याकाळी सुतार बोलावला आणि तिच्या खोलीला बाहेरून कडी लावून घेतली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "बरं केलंत. तुम्हालाही जरा पाठ टेकता येईल."

दुसऱ्या दिवशी दुपारी कडी घालून मी टेबलाशी बसले. माडीवरच्या पावलांचं वर्णन चाललं होतं. माझ्या पाठीमागे, बंद दाराआड, ताई चालत होती. खिडकीपर्यंत, परत दारापर्यंत. मी पेन ठेवलं. रडू आलं नाही, इतकी दमले होते. मग ती दार वाजवायला लागली. माझा आवाज ऐकला की ती शांत व्हायची, म्हणून हातातली पानंच मी मोठ्याने वाचायला घेतली. वाडी, बंगला, जिना, किल्ली. वाजवणं थांबलं. नायिका दाराशी पोहोचली आणि मजकूर संपला.

"मग?" आतून ताईने विचारलं. शाळेतला तिचा आवाज होता तो.

"मग ती दार उघडते."

"आणि ती आतली काय म्हणते?"

"तूच सांग. मला सुचत नाही."

मी पानं नीट लावू लागले. मला वाटलं, विसरली. मग ती म्हणाली, "ती विचारते, जेवलीस का?"

मी उठून कडी काढली. ताई दाराला टेकूनच उभी होती, घामाने भिजलेली. तिने माझ्याकडे पाहिलं आणि परक्या बाईशी बोलावं तसं म्हणाली, "बाई, इथे फार उकडतं हो."

तिच्या खोलीला मी पुन्हा कडी घातली नाही. कुंपण नीट करून घेतलं आणि अंगणाच्या फाटकाला कुलूप लावलं. किल्ली माझ्या गळ्यात. ताई अंगणभर फिरायची, आणि मी दर परिच्छेदाला मान वर करून बघायचे. लिखाण आणखी रेंगाळलं.

हस्तलिखित वाचून प्रकाशकांनी लगेच फोन केला. "सगळं छान जमलंय, पण दार उघडल्यावर एवढंच? जेवलीस का? मुलं हसतील हो. तिथे किंकाळी टाका." मी म्हटलं, "वाक्य माझं नाही, मला काढता येणार नाही." त्या फोनवर मी पहिल्यांदा नाही म्हटलं असेल. प्रकाशक थोडे कुरकुरले, पण पुस्तक तसंच निघालं.

पुढे तलासरीच्या एका कॉलेजात मुलांशी बोलायला बोलावलं. ताईला ठेवायचं कुठे, म्हणून सोबत नेलं. ती पहिल्या रांगेत बसली आणि पाण्याच्या बाटलीचं झाकण उघड-बंद करत राहिली. मागून एक मुलगी उठली. "मॅडम, ती बाई जेवलीस का म्हणते ना, तिथे मला जास्त भीती वाटली."

"का गं?"

"म्हणजे ती वेडी नव्हतीच, असं वाटलं. मग इतकी वर्षं..." ती खाली बसली. तिच्या शेजारचा मुलगा म्हणाला, "पण शेवटी बंगला जळायला पाहिजे होता, मॅडम." वर्ग हसला. ताईही हसली, सगळे हसले म्हणून.

परतीची बस हायवेवर ट्रकांच्या रांगेत अडकली. ताईने आई कुठे गेली म्हणून विचारलं, मी म्हटलं, बाजारात. ती माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. खांदा अवघडला, तरी मी हलले नाही. ती उठली असती तर सगळं पुन्हा सुरू झालं असतं.