रडू आलं म्हणून क्लासबाहेर

मंडळी, आज राजेंद्र नगरच्या योगा क्लासमधून अर्ध्यातच घरी आले. राग अजून गेलेला नाही.

आई गेल्यापासून मी कुंडलिनी ध्यान शिकतेय, आतलं दुःख मोकळं व्हावं म्हणून. आज श्वासाचा सराव करताना पहिल्यांदाच रडू फुटलं. तर गुरुजी माइकवर, सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, आप बाहर जाइए. आपकी निगेटिव एनर्जी सबको लग रही है."

मी उभी राहून म्हटलं, "गुरुजी, मेरी माँ गई है. ये कोई छूत की बीमारी नहीं है."

मॅट गुंडाळली आणि निघाले. घरी गच्चीवर बसून तोच सराव पुन्हा केला, मनसोक्त रडले. क्लास सुटला, साधना नाही सोडणार.

सांगा भिया, भावांनो, जिथे रडायचीच मनाई, तिथे मन बरं कसं होणार?